पाण्यातल्या पाळीव कासवाच्या कवचावर पांढरा डाग, मानेची सालं निघतायत : नक्की काय तपासू?

चाफा_ठाणे · ८ ऑगस्ट, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आमच्याकडे लाल कानाचं कासव आहे, दुकानात ज्याला स्लायडर म्हणतात ते. लेकीने नाव ठेवलंय ठमी. चार वर्षांपूर्वी दिराने वाढदिवसाला आणून दिली तेव्हा दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा थोडीशीच मोठी होती. आता कवच १६ सेंटिमीटर भरतं. तीन फुटी टाकी, फिल्टर आहे, बसायला दगड आहे.

जूनपर्यंत रोज सकाळी तासभर गॅलरीत ऊन खायची. पाऊस सुरू झाल्यापासून ते बंदच आहे. पंधरा दिवसांपासून तीन गोष्टी दिसतायत. पाठीवरच्या खवल्यांच्या कडा सुटल्यासारख्या चंदेरी दिसतात. मानेजवळ पांढरट धागे लोंबतात. आणि पोटाच्या कवचावर डाव्या मागच्या पायापाशी एक पांढरा डाग आहे, आधी तिळाएवढा होता, आता मसुरीएवढा झालाय. खाणं थोडं कमी झालंय.

सासूबाई म्हणतात हळद आणि खोबरेल लावू या. मी सध्या थांबवलंय त्यांना. ती पाण्यात असतानाच काढलेले चार फोटो जोडतेय. लेक रोज रात्री टाकीपाशी जाऊन बसते, मला तिला काय सांगावं कळत नाही.

---

गोदाकाठ · ८ ऑगस्ट, रात्री १०.०५

ताई, घाबरू नका. कासवं कात टाकतात. आमच्याकडेही असंच व्हायचं, आपोआप गेलं. खवले निघतात आणि खाली नवीन चकचकीत येतात.

---

काचेचं_तळं · ८ ऑगस्ट, रात्री ११.२०

चाफाताई, हळद-खोबरेल नको हे बरोबर केलंत. तेलाने हवा कोंडते आणि खालचा ओलावा आतच राहतो. आजार असेल तर तो झाकून वाढतो.

गोदाकाठ म्हणतात ते पाठीच्या खवल्यांबद्दल खरं असू शकतं. पोटाच्या डागाबद्दल मात्र मी ते धरून चालणार नाही. एकाच कासवाला एका वेळी तीन वेगळ्या गोष्टी होऊ शकतात, आणि तुमच्या तीन तक्रारी मला तीन वेगळ्याच वाटतात.

मी चौदा वर्षं ही कासवं सांभाळतोय आणि माझं एकच ठाम मत झालंय : ओल्या कासवाची तपासणी ही तपासणीच नव्हे. पाण्यात सगळं कवच चकचकीत आणि निरोगी दिसतं. म्हणून उद्या असं करा.

सकाळी, दिव्याखाली नाही, खिडकीच्या उजेडात. कोरड्या जुन्या टॉवेलवर ठेवा आणि अर्धा-पाऊण तास नुसतं वाळू द्या. उचलताना दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधे कवचाच्या दोन्ही बाजूंना धरा. नखं मारेल, हात सुटेल, म्हणून जमिनीवर बसूनच धरा. पोट बघायला उलटं केलंत तर एक-दोन मिनिटांत सरळ करा.

आधी नाक. कवचाच्या अगदी जवळ नाक नेऊन वास घ्या. निरोगी कासवाला फार तर तळ्याच्या पाण्याचा, शेवाळाचा वास येतो. कुजका वास आला तर बाकी सगळं ठीक दिसलं तरी ठीक नाही.

मग बोटं. अंगठ्याने कडेकडेने हलकेच दाबत जा. एवढ्या वयाच्या कासवाचं कवच दगडासारखं लागलं पाहिजे. अगदी पिल्लाचं थोडं लवचिक असतं, ते चालतं. चार वर्षांच्याचं कुठेही दबलं तर ते चालत नाही. पांढऱ्या डागावर नख लावू नका. कान साफ करायची कापसाची काडी पाण्यात बुडवून टेकवा आणि बघा, दबतंय का, काही निघतंय का, काडीला रंग लागतोय का.

शेवटी डोळे. पांढरं दिसणारं सगळं एक नसतं :

पाण्यातले क्षार ओलं असताना गायब होतात आणि वाळलं की खडूसारखे उठून दिसतात. बुरशीचं उलट : पाण्यात ती कापूस पिंजल्यासारखी फुललेली असते, बाहेर काढली की अंगाला चिकटून बसते. सुटत आलेल्या खवल्याखाली हवा किंवा पाणी शिरतं म्हणून तो चंदेरी दिसतो. त्याची कड पातळ, पारदर्शक, कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी असते आणि खालचं कवच कडक असतं. आणि कवच सडायला लागलं असेल तर डाग ओला असो वा कोरडा, जागचा हलत नाही, बहुतेक वेळा खड्डा किंवा मऊपणा असतो आणि वास येतो.

पाठीवर मधे ५ आणि दोन्ही बाजूंना ४-४ असे १३ मोठे खवले असतात, पोटावर १२. एका कागदावर साधं चित्र काढा, कुठल्या खवल्यावर काय आहे ते लिहा. फोटो काढताना शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा, म्हणजे पुढच्या आठवड्यात डाग वाढला की नाही ते डोळ्यांच्या अंदाजावर सोडावं लागत नाही. लेकीला हे काम द्या. वजनही ग्रॅममध्ये लिहून ठेवा, त्यासाठी स्वयंपाकघरातला काटा मात्र वापरू नका.

---

चाफा_ठाणे · ९ ऑगस्ट, दुपारी १२.१५

तळंदादा, सकाळी सगळं केलं. लेकीने चित्र काढलं, खवल्यांना आकडे दिले.

पाठीवरच्या कडा तुम्ही म्हणता तशाच आहेत, एक पापुद्रा तर टॉवेलला चिकटून सहज निघाला. नखाएवढा, त्यावर खवल्याच्या रेघा जशाच्या तशा. खालचं कवच गडद आणि कडक.

पोटाचा डाग वेगळा आहे. वाळल्यावर तो पांढरा नाही, पिवळट दिसतोय, आणि मधोमध एक बारीक भोक आहे. काडी टेकवली तर तिथे जुन्या साबणाच्या वडीसारखं दबलं. काडीला किंचित गुलाबी पाणी लागलं. वास आला. नासलेल्या फ्लॉवरचा येतो तसा. इतके दिवस टाकीचाच वास समजत होते मी.

डागाभोवतीचा खवला जरा लालसर आहे. वजन ६१० ग्रॅम.

---

काचेचं_तळं · ९ ऑगस्ट, दुपारी १२.४०

हे कवच सडण्याचं लक्षण आहे. आजच डॉक्टर शोधा. तोवर टाकीतलं निम्मं पाणी बदला, आणि तिला दिवसातले काही तास कोरड्या, उबदार डब्यात ठेवा. बाकी काही लावू नका, डॉक्टरांना जखम आहे तशी दिसू दे.

---

रानवैद्य · ९ ऑगस्ट, दुपारी ३.३०

मी पशुवैद्य आहे, सातारा भागात काम करते. फोटोवरून निदान करत नाही, पण वर्णन वाचून उशीर करू नका एवढं नक्की सांगते.

कवच म्हणजे वरून घातलेली पेटी नाही. कासवाचा पाठीचा कणा आणि बरगड्या कवचातच जोडलेल्या असतात. वर केराटिनचे खवले, म्हणजे आपल्या नखांसारखं, आणि लगेच खाली जिवंत हाड, त्यात रक्त आणि नसा. त्याला स्पर्श कळतो, दुखतंही. म्हणून खवल्याखाली जिवाणू शिरले की ते हाडापर्यंत जातात आणि तिथून रक्तात. पोटाच्या कवचावर, पायांच्या कातडीवर लाली पसरायला लागली, कासव मलूल झालं, खाणं सोडलं, की ते संसर्ग रक्तात गेल्याचं लक्षण असू शकतं. चाफा, तुम्ही लिहिलेली डागाभोवतीची लाली मला म्हणूनच काळजीची वाटते.

मानेच्या धाग्यांबद्दल : कातडीचे पातळ, पारदर्शक पापुद्रे पाण्यात तरंगताना दिसणं वाढत्या कासवात नेहमीचं आहे. त्याखालची कातडी अखंड, गुळगुळीत आहे का ते बघा. सालं जाड निघत असतील, खाली कच्ची गुलाबी कातडी असेल, तर पाण्यात अमोनिया वाढलाय का ते तपासायला हवं. माशांच्या दुकानात चाचणीचा संच मिळतो, अमोनिया शून्य हवा. पाहताना मान, काखा, मागच्या पायांच्या खाचा, शेपटीचा बुंधा आणि बोटांमधले पडदे एवढ्या जागा चुकवू नका. कासव अंग आत ओढतं आणि नेमक्या या घड्या पाहायच्या राहतात. टाकीत परत सोडल्यावर ती पाय ताणून पोहते तेव्हा त्या चांगल्या दिसतात.

डोळ्यांच्या मागे, कानाच्या जागी, दोन्ही बाजू सारख्या आहेत का तेही बघा. एका बाजूला वाटाण्याएवढी फुगवटी आली तर आत गळू असतं. पापण्या सुजल्या असतील तर अ जीवनसत्त्वाची कमतरता हे एक कारण असतं. पण अ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं कुणाच्या सांगण्यावरून देऊ नका, जास्त झालं तर कातडीच गळायला लागते.

आणि एक गोष्ट ठळक अक्षरात : आयव्हरमेक्टिन कासवाला कधीही द्यायचं नाही. कुत्र्या-गुरांच्या गोचिडांवर सर्रास वापरलं जाणारं औषध आहे, घरात उरलेलं असतं. कासवांना ते विषारी आहे, जीव जातो. कासवं फारशी न पाहिलेल्या डॉक्टरांकडे गेलात तरी नम्रपणे हे विचारून घ्या.

---

चाफा_ठाणे · ९ ऑगस्ट, संध्याकाळी ७.१०

जवळच्या दोन दवाखान्यांनी फक्त कुत्री-मांजरं बघतो म्हणून सांगितलं. परळला बाई साकरबाई रुग्णालयात विचारायचं ठरवत होतो, तेवढ्यात ओळखीतून सरपटणारे प्राणी बघणारे एक डॉक्टर मिळाले. उद्या सकाळची वेळ आहे. रानवैद्यताई, आयव्हरमेक्टिनचं कागदावर लिहून घेतलंय.

एक विचारायचं राहिलं. दीर म्हणतात एवढा त्रास असेल तर तलावपाळीला सोडून द्या, तिथे तिच्यासारखी बरीच असतील.

---

पाणलोट · ९ ऑगस्ट, रात्री ८.००

कृपा करून नको. हे कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. जगातल्या सर्वांत घातक १०० परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने १९९७ मध्ये त्याची आयात बंद केली, कारण मोठी झाली म्हणून लोकांनी तळ्यांत सोडली आणि तिथल्या कासवांची ऊन खायची जागा आणि अन्न हिने घेतलं. त्यातून तुमची आजारी आहे. तिचे जंतू आपल्या कासवांना कशाला?

---

चाफा_ठाणे · ९ ऑगस्ट, रात्री ८.२०

नाही सोडणार. दिरांना हे वाचून दाखवलं, ते गप्प झाले. त्यांनीच आणलेली ना, त्यांनाही वाईट वाटतंय.

---

जर्सीकर · १० ऑगस्ट, सकाळी ६.४५

इथे न्यू जर्सीत मुलाच्या शाळेत असंच कासव होतं. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे. कारण साल्मोनेला. लहान मुलं ती तोंडात घालायची. कासव ठणठणीत दिसलं तरी अंगावर हे जंतू असू शकतात. चाफाताई, लेक तपासणीत मदत करतेय हे छानच आहे, फक्त दर वेळी साबणाने हात, आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नको. घरात पाच वर्षांखालचं कुणी असेल तर त्याने हात लावूच नये.

---

चाफा_ठाणे · १० ऑगस्ट, रात्री ९.००

जाऊन आलो. डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढला. हाडाला पुसटसा धक्का लागलाय पण आरपार गेलेलं नाही. मग सुटलेला खवला उचलून आतलं सगळं खरवडून काढलं. दह्याच्या चोथ्यासारखं पिवळं निघालं, आणि मसुरीएवढ्या डागाखालचा खड्डा एक रुपयाच्या नाण्याएवढा निघाला. मला बघवत नव्हतं. ठमीने मान पूर्ण आत घेतली होती, फक्त नाकपुड्या दिसत होत्या.

सेफ्टाझिडीम या प्रतिजैविकाची इंजेक्शनं दर ७२ तासांनी, पुढच्या पायात, वजनाप्रमाणे, डॉक्टर स्वतः देणार. घरी रोज पोविडोन आयोडीन फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून जखम धुवायची, वाळवायची, वर सिल्व्हर सल्फाडायझिन मलम, आणि मग काही तास कोरडं ठेवून खायला-प्यायला पाण्यात सोडायचं. पाण्याचं तापमान २७-२८ अंश ठेवायला सांगितलंय, थंड पाण्यात तिची प्रतिकारशक्ती मंदावते म्हणाले.

कारण विचारलं तर त्यांनी उलट मलाच विचारलं : दगड पूर्ण कोरडा राहतो का? नाही राहत. पाण्याच्या पातळीलाच आहे. ती वर बसायची तरी पोट ओलंच असायचं. पावसाळ्यात दीड महिना तिचं पोट एकदाही वाळलं नसणार. दगडाची एक कडही धारदार आहे, तिथेच खरचटून सुरुवात झाली असावी.

---

काचेचं_तळं · १० ऑगस्ट, रात्री १०.१०

बरं झालं वेळेत गेलात. दगडाचं हे मी विचारायला हवं होतं.

पावसाळ्याबद्दल थोडं लिहितो, कारण महाराष्ट्रात जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ प्रत्येक घरी हीच गत होते. उन्हाची तिला दोन कामांसाठी गरज असते : अंग वाळवायला, आणि ड जीवनसत्त्व तयार करायला. दुसऱ्यासाठी लागणारे यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण खिडकीच्या काचेतून जवळजवळ येतच नाहीत. काचेआड ठेवलेलं कासव ऊबदार होतं, पण त्याच्या हाडांना त्यातलं काही मिळत नाही. कॅल्शियम शोषलं गेलं नाही की कवच मऊ पडतं, कडा वर वळतात. म्हणून सरपटणाऱ्या प्राण्यांसाठीची यूव्हीबी नळी घ्या, मधे काच किंवा प्लास्टिक न ठेवता लावा, आणि सहा महिने ते वर्षभरात बदला. ती पेटलेली दिसते, पण किरण आटलेले असतात. शेजारी उष्णतेचा साधा बल्ब, बसायच्या जागी ३० ते ३५ अंश. जागा पूर्ण पाण्याबाहेर, खडबडीत पण धार नसलेली.

पुन्हा ऊन निघालं की गॅलरीत काचेची टाकीच उन्हात ठेवू नका, पाणी उकळल्यासारखं तापतं. टबमध्ये, अर्धी सावली ठेवून, वर जाळी घालून. कावळे डोळ्यांवर चोच मारतात.

टाकीही लहान पडतेय. कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी असा हिशेब धरतात, म्हणजे तुम्हाला २४० लिटर तरी हवं. मादी असेल तर ती अजून वाढेल, २५ सेंटिमीटरच्याही पुढे. खायला काय देता?

---

चाफा_ठाणे · १० ऑगस्ट, रात्री १०.३०

सुकी कोळंबी, डब्यातली. दुकानदाराने एवढंच पुरतं म्हटलं होतं.

---

रानवैद्य · ११ ऑगस्ट, सकाळी ८.१५

सुकी कोळंबी म्हणजे तिच्यासाठी रोज फरसाण. चांगल्या प्रतीच्या कासवांच्या गोळ्या, आणि रोज हिरवं : जास्वंदाची पानं, किसलेलं गाजर, लाल भोपळा, रताळं. गाजर-रताळ्यातून अ जीवनसत्त्वाची सोय होते. पालक नेहमी नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवतं. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दुप्पट हवं.

कॅल्शियमसाठी महागडं काही नको. काष्ठौषधीच्या दुकानात समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्री प्राण्याच्या अंगातलं पांढरं, हलकं कवच, मिळतो, कोकणात किनाऱ्यावर पडलेलाही असतो. मागची कडक पाठ काढून टाका, धुऊन पांढरा भाग पाण्यात तरंगत ठेवा. ती हवं तेव्हा कुरतडेल.

---

विहीरवाला_कुडाळ · १२ ऑगस्ट, दुपारी १.००

माझाही प्रश्न इथेच विचारतो. आमच्या विहिरीत आजोबांच्या वेळेपासून कासव आहे, पाणी साफ राहतं म्हणून. गेल्या आठवड्यात उपसा केला तेव्हा बाहेर काढलं. त्याला खवलेच नाहीत, पाठ चामड्यासारखी गुळगुळीत आहे, पिवळे ठिपके आहेत. पाठीवर एक ओरखडा आहे. हा पण सडण्याचा प्रकार का? आता ते घरी टाकीत ठेवलंय.

---

पाणलोट · १२ ऑगस्ट, दुपारी १.३५

दादा, खवले गेलेले नाहीत. हे आपलं देशी मऊ पाठीचं कासव दिसतंय, त्याच्या कवचावर खवल्यांऐवजी कातडीच असते. त्यामुळे वरची तपासणी त्याला जशीच्या तशी लागू होत नाही.

पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. देशी कासवं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत, घरात ठेवणं गुन्हा आहे. तुम्ही काळजीपोटीच ठेवलंय हे दिसतंय. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा, जखमी सापडलंय म्हणून सांगा. उपचार करून योग्य पाणवठ्यात सोडायचं काम त्यांचं.

---

विहीरवाला_कुडाळ · १३ ऑगस्ट, सकाळी ११.२०

फोन केला. काल संध्याकाळी माणसं येऊन घेऊन गेली, नीट वागली. आईला चुकल्यासारखं होतंय, रोज विहिरीवर गेली की ती त्याला भाताची शितं टाकायची.

---

मराठवाडी_मेथी · २ सप्टेंबर, रात्री ८.५०

धागा वाचून आमच्या कासवाची कोरडी तपासणी केली. संभाजीनगरला बोअरचं पाणी आहे. सगळ्या पाठीवर पांढरे डाग, वाळल्यावर दिसतात, ओलं केलं की जातात. कवच कडक, वास नाही. क्षारच ना?

---

काचेचं_तळं · २ सप्टेंबर, रात्री ९.३०

हो, बहुतेक क्षारच. खात्रीसाठी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घालून कापसाची काडी बुडवा, एकाच डागावर फिरवा आणि लगेच स्वच्छ पाण्याने धुवा. डाग विरघळला तर क्षार. जखम असेल तिथे किंवा डोळ्यांजवळ हे करायचं नाही, आणि सगळं कवच घासत बसायचं नाही. नगरपालिकेचं पाणी मिळत असेल तर ते अर्धं मिसळा, क्लोरीन घालवणारे थेंब टाकून. शेवाळ असेल तर मऊ टूथब्रश आणि साधं पाणी. साबण, पॉलिश, चमक आणणारी तेलं काहीही नको.

---

चाफा_ठाणे · ६ सप्टेंबर, रात्री ९.१५

सहा इंजेक्शनं झाली. खड्ड्याचा तळ आता ओला नाही, टोचून बघितला तर नखासारखा कडक लागतो. वास पूर्ण गेला. वजन मधे ५९० वर गेलं होतं, आज ६२५. गाजराला तीन आठवडे तोंड लावलं नव्हतं, काल लेकीने जास्वंदाच्या फुलात गुंडाळून दिलं तर खाल्लं.

कोरडं ठेवायचे तास फार जड गेले. डब्यात नखं घासत राहायची, तो आवाज ऐकून लेक दुसऱ्या खोलीत जायची. सासूबाईच मग तिच्यापाशी बसून राहायच्या, डब्यावर टॉवेल टाकून. अंधार केला की ठमी शांत व्हायची, हे त्यांनीच शोधलं.

नवीन टाकी २५० लिटरची आली. बसायची फळी पाण्याच्या चार इंच वर आहे.

---

रानवैद्य · ७ सप्टेंबर, सकाळी ७.५०

खूप चांगली बातमी. खड्डा भरून यायला महिने लागतील, वर्षही लागेल, तेव्हा धीर धरा. दर रविवारी वाळवून बघणं चालू ठेवा. कड काळी पडून सुटायला लागली तर ओढू नका, मेलेला भाग आपला आपण गळतो. पुन्हा वास आला किंवा मऊ लागलं तर लगेच डॉक्टर.

---

चाफा_ठाणे · २२ फेब्रुवारी, सकाळी १०.३०

बऱ्याच महिन्यांनी लिहितेय. आज रविवारची तपासणी करताना पोटावरच्या त्या जुन्या जागेची काळी खपली टॉवेलवर सापडली. टोपणासारखी, आत खोलगट. खाली नवीन कवच आहे, फिकट पिवळं, बाकीच्या नक्षीशी न जुळणारं, पण कडक. लेकीने चित्रातल्या अकराव्या खवल्यावर केलेली लाल खूण खोडून तिथे हिरवी केली आणि खपली काडेपेटीत घालून ठेवलीये.

वजन ७०५. ठमी आत्ता गॅलरीतल्या टबात, जाळीखाली, मागचे दोन्ही पाय ताणून ऊन खातेय.